लोअर परळचं 'अप्पर वरळी' कसं होतं

रविवारी सकाळी पेपर उघडला की बातम्यांच्या आधी गुळगुळीत पत्रकं मांडीवर घरंगळतात. मागच्या महिन्यात त्यातलं एक मी रद्दीत न टाकता ठेवून दिलं. वरच्या अर्ध्या भागात वांद्रे-वरळी सी लिंक, तिन्हीसांजेची, तारांवर दिवे लागलेली. खाली गॅलरीत कॉफीचे मग घेऊन उभं असलेलं तरुण जोडपं आणि त्यांच्या पाठीमागे हिरवागार डोंगर. ठळक अक्षरांत ओळ: 'मुंबईच्या मिठीत, निसर्गाच्या कुशीत.' (लिहिणारा बहुधा बाहेरगावचा असावा. मिठी म्हटलं की मुंबईकराला आधी नदी आठवते, आणि नदी आठवली की २६ जुलै.) त्याखाली, 'मुंबईपासून अवघ्या ४५ मिनिटांवर.'

घरं कर्जतजवळची. सी लिंक आणि तो डोंगर एकाच गॅलरीतून दिसणं शक्य नाही, हे मला कळतं, चित्र जोडणाऱ्यालाही कळत असणार. तरी पत्रक हातात आल्यावर माझी नजर आधी पुलावर गेली, मग घरांवर. पुलाने आपलं काम चोख केलं होतं. कर्जतच्या घराच्या जाहिरातीत वांद्र्याचा पूल नेमकं कोणतं काम करतो, ते जरा उलगडून बघू.

आम्ही डोंबिवलीकर तेच काम रोज करतो. दिल्लीत कुणी विचारलं की आम्ही 'मुंबईचे'. दादरला कुणी विचारलं की 'डोंबिवलीचे'. डोंबिवलीत विचारलं तर 'पूर्वेला, टिळकनगर'. तिन्ही वेळा आपण फसवत नसतो, समोरच्याच्या डोक्यात जे नाव आधीपासून आहे ते वापरत असतो. जाहिरातवाल्याची अडचण हीच असते. त्याच्या हातात वीस-तीस सेकंद असतात, होर्डिंग असेल तर गाडीच्या खिडकीतून टाकलेला एक कटाक्ष. एवढ्यात नवं काही समजावून सांगता येत नाही. म्हणून लोकांच्या डोक्यात आधीच साठलेलं काहीतरी शोधायचं आणि आपला माल त्याच्या शेजारी नेऊन ठेवायचा. शहराचं नाव हा असा तयार साठा आहे. कोल्हापूर म्हटलं की तिखट आणि रांगडेपणा. पुणे म्हटलं की शुद्धलेखन आणि दुपारी एक ते चार. नागपूर म्हटलं की संत्रं आणि ऊन. हा साठा पिढ्यान्‌पिढ्या कुणीकुणी भरला, आणि त्याचा मालक कुणीच नाही. नटाला जाहिरातीत घ्यायचं तर कोट्यवधी मोजावे लागतात. शहर पैसे मागत नाही, तारखांचं कारण सांगत नाही.

शहराकडून उसनं घेता येतं ते तीन प्रकारचं: त्याचं नाव, त्याचं रूप आणि त्याचा स्वभाव. गंमत सुरू होते ती या तिन्हींची फारकत झाली की.

त्याआधी न्यूयॉर्ककडे वळायला हवं, कारण शहर ठरवून विकायची रीत जगाला दाखवली ती तिथे. आणि ती सुचली ती अगदी गळ्याशी आल्यावर.

१९७५ साली न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. पोलीस आणि अग्निशमन दलातल्या हजारोंना घरी बसवायचं घाटत होतं. त्यांच्या संघटना भडकल्या आणि जून महिन्यात त्यांनी बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी एक पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर कवटी, आणि नाव 'वेलकम टू फिअर सिटी', म्हणजे भयनगरीत आपलं स्वागत असो. आत सूचना: संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर फिरू नका, भुयारी रेल्वेत बसू नका, मॅनहॅटन सोडून बाहेर जाऊ नका. हीसुद्धा शहराची जाहिरातच, फक्त उलट्या दिशेने केलेली. आणि ती पटली, कारण लोकांच्या डोक्यात ती भीती आधीपासून होती.

दोन वर्षांनी, १९७७ साली, न्यूयॉर्क राज्याच्या वाणिज्य खात्याने पर्यटक परत आणण्यासाठी वेल्स रिच ग्रीन या जाहिरात संस्थेला मोहीम दिली. चिन्ह काढायचं काम आलं मिल्टन ग्लेझर या चित्रकाराकडे. त्याने एक चिन्ह दिलं, ते मंजूरही झालं. पण डोक्यातून विषय जाईना. टॅक्सीत बसल्या बसल्या त्याने खिशातून पत्राचं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर लाल खडूने खरडलं: आय, मग एक बदाम, मग एन आणि वाय. पत्त्यांतला असतो तसा लाल बदाम. मंजूर झालेलं चिन्ह बाजूला पडलं. या कामाचे ग्लेझरने पैसे घेतले नाहीत. मोहीम काही महिने चालेल आणि संपेल, अशीच त्याची समजूत होती. ते पाकीट आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे मोमामध्ये आहे.

या बदामाबद्दल दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. पहिली, तो शहराचा नाहीच. तो न्यूयॉर्क राज्याचा. नायगारा धबधबा आणि उत्तरेकडचे डोंगरही त्यात धरलेले होते. लोकांनी मात्र तो परस्पर शहराला देऊन टाकला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या चिन्हात न्यूयॉर्कचं काहीही नाही. स्वातंत्र्यदेवी नाही, गगनचुंबी इमारत नाही, पूल नाही. ज्या शहराची खरी प्रतिमा त्या घडीला कवटीची होती, त्याचं चित्र दाखवून कुणाला काय पटलं असतं? म्हणून चित्रच गाळलं. शहर कसं आहे याबद्दल चिन्ह एक अक्षर बोलत नाही, बघणाऱ्याला त्याच्याविषयी काय वाटतं तेवढं बोलतं. बदाम रिकामा आहे, ज्याने त्याने आपापलं न्यूयॉर्क त्यात भरावं.

चिन्ह रिकामं असल्यामुळे ते कुणालाही चिकटवता येतं, आणि ते आपण बघतोच आहोत. नगरपालिका कितीही लहान असो, तळ्याकाठी नाहीतर उड्डाणपुलाखाली 'आय लव्ह अमुकतमुक' उभं असतं. रात्री आत एलईडी पेटतात, त्यातलं एखादं अक्षर बंद असतं. ग्लेझरचा तो बदाम पाकिटावरून निघून आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर येऊन पोहोचला.

सप्टेंबर २००१ मध्ये जुळे मनोरे कोसळले, तेव्हा ग्लेझरने त्या बदामावर खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा जळका डाग दिला आणि खाली लिहिलं 'मोअर दॅन एव्हर', पूर्वीपेक्षाही जास्त. 'डेली न्यूज'ने ते छापलं. जाहिरातीसाठी केलेलं चिन्ह शहर आपल्या दुःखासाठी वापरू लागलं, असं फार क्वचित घडतं. उलट २०२३ मध्ये 'वी लव्ह एनवायसी' असं सुधारित चिन्ह आणलं, तर लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. 'मी' काढून 'आम्ही' आलं आणि कुणालाच ते आपलं वाटेना.

ॲमस्टरडॅमची कथा छोटी आहे, पण उलटी. २००४ साली त्यांनी 'आय ॲमस्टरडॅम' हे घोषवाक्य काढलं. इंग्रजीत शहराच्या नावातच 'ॲम' दडलेलं, त्याचा फायदा घेतला. राइक्सम्युझियमच्या मागे माणसाहून उंच अक्षरं उभी केली. पर्यटक इतके लोटले की अक्षरांवर चढून फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत संग्रहालय दिसेनासं झालं. डिसेंबर २०१८ मध्ये महापालिकेने ती अक्षरं तिथून उचलली. २०२३ मध्ये तर त्यांनी धिंगाणा घालायला येणाऱ्या तरुण ब्रिटिश पुरुषांसाठी चक्क 'स्टे अवे' मोहीम काढली: येऊ नका. बोलावण्यावर खर्च, मग हाकलण्यावर खर्च.

आता मुंबई. मुंबईला असल्या मोहिमेची कधी गरजच पडली नाही. महापालिकेचं अधिकृत बोधवाक्य 'यतो धर्मस्ततो जयः' आहे. ते किती मुंबईकरांना माहीत आहे, आणि एका तरी जाहिरातीत कधी आलंय का? मुंबईचं चित्र महापालिकेने रंगवलंच नाही. ते सिनेमाने रंगवलं आणि जाहिरातींनी त्याच्या प्रती काढल्या.

आणि ती एक मुंबई नाही. १९९५ साली शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं, तेव्हापासून जाहिरातींच्या बाजारात तीन नावं शेजारी शेजारी नांदतात. 'मुंबई' म्हटलं की घाई, लोकल, पाऊस, क्रिकेट, वडापाव. 'बंबई' म्हटलं की फिल्मी, टपोरी, स्वप्नं घेऊन गावाहून आलेला पोऱ्या. आणि 'बॉम्बे' म्हटलं की जुना पंखा, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची फरशी, मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती, आणि मेन्यूकार्डावर दुप्पट दर. नाव बदललं तेव्हा वाटलं होतं, 'बॉम्बे' हळूहळू विरून जाईल. उच्च न्यायालय आणि आयआयटी यांच्या नावात ते राहिलं ते सरकारी कारणांनी. पण कॅफे, कपडे, साबण, कॉकटेल यांच्या नावांत ते नव्याने उगवलं, तेही नामांतरानंतर जन्मलेल्यांच्या दुकानांवर. जे शहर नकाशावर उरलं नाही, ते बाजारात महाग झालं. याला आठवणीचा धंदा म्हणतात, आणि त्यासाठी आठवण स्वतःची असावी लागत नाही. लंडनमध्ये २०१० पासून 'डिशूम' ही उपाहारगृहं चालतात, जुन्या बॉम्बेच्या इराणी कॅफेच्या धर्तीवर सजवलेली. बाहेर रांगा लागतात. इथले खरे इराणी मात्र एकेक करून शटर ओढत आले.

हीच तऱ्हा टॅक्सीची. जाहिरातीत मुंबई दाखवायची असेल तर आजही कॅमेऱ्यासमोर काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी येते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्याआधी महिनाभर बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर गेल्या होत्या. रस्त्यावर नाहीत, पण चहाच्या मगावर, कुशनवर, विम्याच्या जाहिरातीत दोन्ही सुखरूप धावताहेत. वस्तू रोज दिसत असते तोवर ती गर्दीचा भाग असते. दिसेनाशी झाली की चिन्ह होते.

मुंबईची रूपं निवडताना जाहिरात किती बारीक चाळणी लावते, हे त्या सी लिंकवरूनच कळतं. पूल २००९ साली सुरू झाला, लांबी ५.६ किलोमीटर. त्यावर दुचाकीला बंदी, पायी चालणाऱ्याला बंदी. मुंबईत रोज कामावर जाणारे बहुसंख्य लोक लोकलने, बसने नाहीतर पायी जातात, म्हणजे त्यांचा रोजचा या पुलाशी संबंध नाही. तरी बँक असो की बिल्डर, चित्र पुलाचं. कारण लोकलचं चित्र छापलं की त्यात माणसं येतात, घाम येतो, दरवाज्यात लटकणं येतं. पुलाच्या चित्रात रिकामा रस्ता असतो. मुंबईत रिकामा रस्ता! याहून मोठं स्वप्न या शहरात विकता येणार नाही.

मरीन ड्राइव्हचंही बघा. २०१५ मध्ये तिथले पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तर केवढी ओरड झाली. 'राणीचा रत्नहार' फिका पडला म्हणून. वीज वाचत होती, रस्ता नीट दिसत होता. पण शहराने वर्षानुवर्षं स्वतःला पिवळ्या उजेडातच बघितलं होतं, पोस्टकार्डांवर, सिनेमांत. पुढे पिवळसर दिवे परत आले. चित्र रस्त्यावरून काढलं जातं, तसा कधीकधी रस्ताही चित्राबरहुकूम करावा लागतो.

स्वभाव उसना घेणं यापेक्षा अवघड, आणि तिथेच जाहिराती जास्त घसरतात. मुंबईचा स्वभाव म्हणून जे विकलं जातं त्याचं नाव 'स्पिरिट'. २००५ च्या पुरात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढच्या वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये बाँबस्फोट झाले. दोन्ही वेळा लोक पुन्हा कामावर निघाले, आणि त्याचं कौतुक होर्डिंगांवर झळकलं. कामावर न गेलं तर पगार कापला जातो, हे त्यात कुठे नव्हतं.

भाषेचंही एक दुखणं आहे. जाहिरातीतली मुंबई मराठी बोलते, पण कुणाच्या तोंडून? हवालदार, भाजीवाली, कामवाल्या मावशी. घर घेणारा, गाडी घेणारा, विमानात बसणारा हिंदी-इंग्रजीत बोलतो, मग त्याचं आडनाव जोशी असो की जाधव. अलीकडे थोडं बदलतंय, तालुक्याच्या बाजारात पैसा दिसल्यावर ठसकेबाज मराठी जाहिराती यायला लागल्यात. पण 'मुंबईचा रंग' हवा म्हणून अजूनही एक 'क्या रे भाऊ' टाकला की काम झालं असं समजणारे आहेत. आणि 'कटिंग'! कटिंग म्हणजे दोघांत एक चहा, पैसे वाचवायला. आता वातानुकूलित कॅफेत कटिंग मिळतो, पेला तोच, अर्धाच भरलेला, आणि किमतीत टपरीवर आठ-दहा जणांचा चहा व्हावा.

आता फारकतीकडे येऊ. नाव इथलं आणि वस्तूचा इथल्या मातीशी संबंध नाही, याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे बॉम्बे सफायर ही जिन. १९८० च्या दशकात बाजारात आली. बनते इंग्लंडमध्ये, हॅम्पशायरमधल्या लेव्हरस्टोकला. बाटलीवर चित्र राणी व्हिक्टोरियाचं. नावातला नीलम म्हणजे 'स्टार ऑफ बॉम्बे', अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात असलेला १८२ कॅरटचा खडा, आणि तो मुळात सापडला श्रीलंकेत. मुंबईचं त्यात काय? ब्रिटिश राजवटीतल्या साहेबांच्या व्हरांड्याचा वास, तेवढाच. त्याच चालीवर इंग्लंडमधल्या दुकानांत 'बॉम्बे मिक्स' मिळतं. आपण त्याला चिवडा नाहीतर फरसाण म्हणतो, आणि लालबागच्या चिवडा गल्लीत जाऊन 'बॉम्बे मिक्स द्या' म्हटलंत तर दुकानदार तुमच्याकडे नुसता बघत राहील.

दूर कशाला, 'व्हेज कोल्हापुरी' घ्या. देशभरच्या हॉटेलांत हा पदार्थ आहे, लाल तर्री आणि वर एक आख्खी मिरची. कोल्हापूरच्या घरात तो शोधून सापडत नाही. तिथल्या तांबड्या रश्शाला खोबरं, तीळ, मसाल्याची खोली असते, शेजारी पांढरा रस्सा असतो, त्यात तर लाल तिखट नसतंच. पण मेन्यूकार्डावर 'कोल्हापुरी' या शब्दाचा अर्थ एवढाच: जिभेला चटका. शहराचा एक गुण उचलला आणि बाकीचं शहर स्वयंपाकघराबाहेर ठेवलं.

कोल्हापूरच्याच वाट्याला याच्या बरोब्बर उलटं प्रकरणही आलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने हुबेहूब तशा चपला दाखवल्या, आणि त्यांना म्हटलं नुसतं 'लेदर सँडल'. इथे संताप उसळला. पण कायद्याची मेख बघा. जीआय रक्षण करतं ते मुख्यतः नावाचं. ठरलेल्या भागाबाहेर केलेल्या मालाला 'कोल्हापुरी' म्हणून विकलं तर पकडता येतं. इथे तर नावच घेतलं नव्हतं! हॉटेलवाल्याने वस्तू सोडून नाव नेलं, प्राडाने नाव सोडून वस्तू नेली. टीकेनंतर कंपनीने कोल्हापुरीचं ऋण मान्य केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी इथल्या कारागिरांकडून चपला करून घेण्याचा करार झाला. म्हणजे शेवटी नाव परत लावावंच लागलं, आणि ते लावल्याने माल स्वस्त होणार नाही, उलट किमतीला एक गोष्ट चिकटेल.

जीआयची ही मर्यादा दार्जिलिंगलाही भोवली होती. दार्जिलिंग चहा हा भारतातला पहिला जीआय, २००४ सालचा. कोलकात्यातल्या एका मोठ्या हॉटेलाने आपल्या दिवाणखान्याला 'दार्जिलिंग लाउंज' नाव दिलं, म्हणून चहा मंडळ कोर्टात गेलं. २०१९ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात मंडळ हरलं. संरक्षण चहाला आहे, बसायच्या जागेला नाही.

शहराचं नाव एकट्याने नोंदवून ठेवणं मात्र सोपं नाही. व्यापारचिन्ह कायदा सांगतो की माल कुठला एवढंच सांगणारा शब्द एकाला देऊन टाकता येत नाही, नाहीतर उद्या 'नागपूर' लिहायला संत्रेवाल्यांना कुणाची परवानगी मागावी लागेल. रूपाचं गणित निराळं आहे. ताजमहाल पॅलेस हॉटेल १९०३ सालचं. २०१७ मध्ये त्याच्या मालक कंपनीने इमारतीचं बाह्यरूपच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं. भारतात एखाद्या इमारतीची अशी नोंद पहिलीच. आपण तिथे फोटो काढायला मोकळे आहोत. पण तो घुमट आपल्या मालावर छापून विकायचा असेल तर परवानगी लागेल. समोरच्या गेटवे ऑफ इंडियाचं चित्र असं कुणा कंपनीच्या नावावर नाही, म्हणून कबुतरांसकट तो सगळ्यांच्या जाहिरातीत असतो.

क्रिकेटने तर शहरांची नावं लिलावातच काढली. २००८ मध्ये आयपीएलचे आठ संघ विकले गेले, त्यात सर्वांत महाग मुंबई, ११ कोटी १९ लाख डॉलर. खेळाडू कुठलेही असोत, नावातलं शहर प्रेक्षक घेऊन येतं, हा हिशेब. पुण्याच्या बाबतीत तो फसला: 'वॉरियर्स' २०११ ते २०१३, 'सुपरजायंट्स' २०१६, आणि पुढच्या वर्षी त्यातला एक 'स' गळून 'सुपरजायंट', मग तोही बंद. पुणेकरांना अनेकवचन पसंत पडलं नसावं.

पण शहराच्या नावाला सर्वांत जास्त ताण देतात ते बिल्डर. वडाळ्यात 'न्यू कफ परेड' आहे. कफ परेड तिथून बरंच दक्षिणेला. भिवंडीच्या वाटेवर माणकोलीला 'अप्पर ठाणे' आहे. आणि लोअर परळला मध्यंतरी 'अप्पर वरळी' म्हणायची टूम निघाली. 'लोअर'चा अर्थ फक्त 'खालच्या अंगाचं', परळच्या दक्षिणेचं. पण काही कोटींचा फ्लॅट घेणाऱ्याच्या कानाला 'लोअर' खुपतं. मग हद्द थोडी सरकवायची, शेजारच्या महाग वस्तीचं नाव घ्यायचं, आणि खालचं वर करायचं. स्टेशनचं नाव अजूनही लोअर परळच आहे, तेवढी रेल्वेची कृपा.

यात जे पुसलं जातं ते सांगायला हवं. परळ, लालबाग, डिलाईल रोड म्हणजे गिरणगाव. भोंग्यावर घड्याळं लावणारा भाग. १८ जानेवारी १९८२ ला तिथे संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विझत गेला, आणि गिरण्यांच्या जमिनींवर पुढे टॉवर आणि मॉल आले. फिनिक्स मिलच्या आवारात जुनी चिमणी अजून उभी आहे, भोवती महागडी दुकानं. फोटोत ती छान दिसते. 'वारसा' म्हणून माहितीपुस्तिकेत येते. त्या चिमणीखाली कुणाचे आजोबा तिन्ही पाळ्या करत होते, त्याची पुस्तिका निघत नाही. 'अप्पर वरळी' म्हटलं की गिरणगाव आठवायचं कारणच उरत नाही, आणि विकणाऱ्याला ते सोयीचंच आहे.

मग हे सगळं कायद्यात बसतं का? नाव फुगवण्याला थेट बंदी नाही. पण बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ म्हणतं की जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागेल, आणि माघार घ्यायची असेल तर व्याजासह पैसे परत. 'मुंबईच्या मिठीत' ही माहिती नाही, ती कविता आहे, तिच्यावर दावा लागणार नाही. '४५ मिनिटांवर' ही माहिती आहे की कविता, यावर मात्र वाद घालता येईल. मुंबईची हद्द मुलुंड, मानखुर्द आणि दहिसरला संपते. घड्याळ कुठे लावलं, रविवारी पहाटे लावलं की सोमवारी सकाळी, पत्रक सांगत नाही. सीएसएमटीहून सुटलेल्या कर्जत लोकलला दोन तासांच्या आसपास लागतात, हे मला पत्रकाने सांगायची गरज नाही. आम्ही डोंबिवलीला उतरताना कर्जतवाले अजून बसायला जागा मिळेल म्हणून दाराकडे बघत असतात.

महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून घरांच्या जाहिरातीत महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड छापावा लागतो. माझ्या पत्रकावर तो होता, खाली उजव्या कोपऱ्यात, नखाएवढा. जोडप्याच्या पायाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'छायाचित्रे केवळ संकल्पनात्मक' असंही होतं. चष्मा लावून मोबाइल धरला. नोंदणीचं पान उघडलं. त्यात ना सी लिंक, ना मिठी, ना मुंबई. प्रकल्पाच्या पत्त्यात गावाचं नाव, सर्व्हे नंबर, आणि पुढे: तालुका कर्जत, जिल्हा रायगड.